बिझनेस लॅपटॉप घ्यायचाय: एकाच नावाखाली इतके प्रकार, नेमका कुठला घेऊ?

रात्रपाळी

नमस्कार मंडळी,

स्वतःच्या पैशाने १४ इंची बिझनेस लॅपटॉप घ्यायचाय आणि अवस्था अशी झालीये की पैसे मोजायची तयारी आहे पण हवी ती वस्तू कुणी विकायलाच तयार नाही. माझं काम बॅकएंडचं, फ्रीलान्स. दिवसभर डॉकरचे कंटेनर (प्रोग्रॅम वेगवेगळ्या डब्यांत चालवायची सोय) चालू, एखादं व्हर्च्युअल मशीन (लॅपटॉपच्या आत चालणारा दुसरा कॉम्प्युटर), ब्राउझरचे ढीगभर टॅब आणि मधेमधे व्हिडिओ कॉल. गेमिंग नाही, व्हिडिओ एडिटिंग नाही. बिझनेस सिरीजच हवी कारण कीबोर्ड बरा असतो, सुटे भाग बरीच वर्षं मिळतात आणि एकदा घेतला की सहा-सात वर्षं परत बघायला नको.

आता वैताग ऐका. एका कंपनीच्या साइटवर कॉन्फिगरेशन बनवायला घेतलं, तर ३२ जीबी रॅम निवडल्याबरोबर मॅट स्क्रीनचा पर्याय बंद होतो आणि फक्त ओलेड (ज्यात प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो) टच स्क्रीन उरतो, मॅट स्क्रीन धरून ठेवला तर रॅम १६ वर अडकते, आणि हे दोन्ही जमवून आणलं तर सिमकार्डचा पर्यायच गायब. चॅटवर विचारलं की हा पॅनल, म्हणजे स्क्रीन, किती टक्के एसआरजीबी (रंग किती दाखवतो त्याचं नेहमीचं माप) दाखवतो, तर समोरच्याने मला त्याच पानाची लिंक पाठवली जिथे ते लिहिलेलं नाही म्हणून मी विचारत होते. रेडीमेड बघावं तर एकाच सिरीजच्या नावाखाली एकात २५५यू प्रोसेसर, एकात २५५एच, एकात २५८व्ही, आणि तिन्हींवर मोठ्या अक्षरात 'कोअर अल्ट्रा ७'. वजनही 'इतक्या किलोपासून' असं लिहिलेलं, म्हणजे माझ्या हातात येईल त्याचं किती ते कळायला मार्गच नाही.

तर मला विचारायचंय ते असं, की या तीन प्रोसेसरमध्ये माझ्या कामाला कुठला, सोल्डर केलेली (बोर्डावरच पक्की जोडलेली) रॅम घ्यावी की नाही, ओलेड की साधा आयपीएस (नेहमीचा एलसीडी) स्क्रीन, सिमकार्डवालं मॉडेल नंतर करता येतं का, आणि व्हीप्रो नावाचं जे प्रकरण आहे त्याचे पैसे एकट्या माणसाने का द्यावेत? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहा, मी सगळं वाचणार आहे.

---

खटपट्या

माझा पोटापाण्याचा धंदाच लॅपटॉप उघडायचा आहे, त्यामुळे जरा लांबलचक लिहितो, सांभाळून घ्या.

सगळ्यात आधी मॉडेलचं नाव डोक्यातून काढून टाका आणि पार्ट नंबर धरा. बिझनेस सिरीजमध्ये नाव म्हणजे नुसतं आडनाव असतं, माणूस कोण ते पार्ट नंबरवरून कळतं. लेनोव्होचं पीएसआरईएफ म्हणून स्पेसिफिकेशनचं वेगळं संकेतस्थळ आहे, एचपीच्या क्विकस्पेक्स नावाच्या पीडीएफ असतात, डेलचा सर्व्हिस टॅग टाकला की त्या मशीनमध्ये मुळात काय काय बसवून आलं होतं ते दिसतं. विक्रीच्या पानावर नसलेली माहिती, म्हणजे पॅनल किती निट्सचा (किती उजेडाचा), बॅटरी किती वॉट-अवर, रॅमचे स्लॉट किती, ती तिथे सापडते. चॅटवरच्या मुलांना यातलं काही दिलेलंच नसतं, त्यांच्याशी डोकेफोड करण्यात अर्थ नाही.

आता निवडायचं कसं. जे नंतर बदलता येत नाही त्यावर पैसे घाला, जे स्क्रू ड्रायव्हरने बदलता येतं त्यावर कंपनीला पैसे देऊ नका. एसएसडी बहुतेक बिझनेस मशीनमध्ये बदलता येते, फक्त लांबी बघा, काहींत २२८० बसते आणि काहींत २२४२ म्हणजे ४२ मिलिमीटरचीच, आणि मोठ्या साइजच्या २२४२ शोधताना दमछाक होते. बॅटरी आतून स्क्रूने बसवलेली असते, तीही बदलता येते, पण लहान बॅटरीवाल्यात मोठी बसेलच असं नाही. थिंकपॅड टी१४ च्या काही पिढ्यांत ३९.३ आणि ५२.५ वॉट-अवर अशा दोन बॅटऱ्या यायच्या आणि दुकानात दोन्हींवर टी१४ च लिहिलेलं. ते 'किलोपासून' वजन पण बहुतेक वेळा हलक्यातल्या हलक्या कॉन्फिगरेशनचं असतं, लहान बॅटरी, टच नाही, सिम नाही.

न बदलणाऱ्या गोष्टी म्हणजे प्रोसेसर, सोल्डर केलेली रॅम आणि सिमकार्डसाठीच्या अँटेना. पॅनल तत्त्वतः बदलतो, पण टचचा आणि बिनटचचा कनेक्टर, मागचं झाकण, बिजागरी, सगळंच वेगळं निघू शकतं, म्हणून तोही याच यादीत धरा.

सिमचं नीट समजून घ्या. स्पेक शीटमध्ये 'डब्ल्यूवॅन (म्हणजे सिमवरचं इंटरनेट) अपग्रेडेबल' किंवा 'रेडी' लिहिलं असेल तर स्लॉट आणि अँटेनाच्या वायरी आत आहेत, कार्ड नंतर घालता येईल. नुसता रिकामा स्लॉट असेल तर बहुतेक वेळा अँटेना बसवलेल्याच नसतात, कारण त्या स्क्रीनच्या कडेला किंवा बॉडीत कारखान्यातच घालतात. आणि कार्ड घालायचं झालं तरी त्या मॉडेलसाठी कंपनीने मान्य केलेलंच घ्यावं लागतं, काही बायॉस (मशीन सुरू करणारं आतलं सॉफ्टवेअर) दुसरं कार्ड दिसलं की बूटच होऊ देत नाहीत.

प्रोसेसर. २५५एच मध्ये १६ कोअर, २५५यू मध्ये १२ पण त्यातले दणकट फक्त दोन, आणि २५८व्ही मध्ये ८, त्यातले दणकट चार. २५८व्ही ची रॅम प्रोसेसरच्या पॅकेजवरच बसवलेली असते, त्या घराण्यात ३२ जीबीच्या वर काही मिळतच नाही. नंबरातला शेवटचा आकडा ८ असेल तर ३२ जीबी आणि ६ असेल तर १६, म्हणजे २५६व्ही दिसला की तो सोडा. तुमचं कंटेनर आणि व्हर्च्युअल मशीनचं काम बघता मी २५५एच आणि रॅमचे दोन सुटे स्लॉट असलेलं मशीन घेईन. आज ३२ मध्ये भागवा, पुढे वाटलं तर ६४ करा. असे लॅपटॉप बनतात अजून, २०२४ च्या टी१४ जेन ५ मध्ये दोन स्लॉट होते आणि दुरुस्तीच्या सोयीसाठी आयफिक्सिट या दुरुस्तीच्या साइटने त्याला १० पैकी ९ दिले होते. यू सिरीज तुम्हाला नको, ईमेल आणि एक्सेलवाल्यांना ती छान आहे.

---

पॅच मंगळवार

खटपट्यांशी बहुतेक सहमत, पण सोल्डर केलेल्या रॅमला सरसकट वाईट म्हणू नका. एलपीडीडीआर५एक्स (सोल्डर केलेल्या रॅमचा प्रकार) वीज कमी खाते आणि वेगही जास्त, २५८व्ही मध्ये ८५३३ ने चालते तर साध्या सोडिम (सुट्या रॅमच्या) स्लॉटमधली डीडीआर५ आजकाल ५६०० ची असते. दिवसभर चार्जर न लावता मीटिंगमधून मीटिंगमध्ये फिरणाऱ्यांना मी २५८व्ही च देतो आणि तक्रार येत नाही. प्रश्न एवढाच की सहा-सात वर्षांनी ३२ जीबी पुरेल का, आणि ज्याचं काम डॉकरवर चालतं त्याने याचं उत्तर 'नाही' असंच धरावं. त्यामुळे तुमच्यापुरता निकाल तोच, एच आणि स्लॉट. दोन्ही एकदम हवं असेल तर एलपीकॅम२ नावाचं रॅमचं नवं मॉड्यूल आहे, वेग एलपीडीडीआर५एक्स चा आणि बदलताही येतं, २०२४ ला थिंकपॅड पी१ जेन ७ मध्ये पहिल्यांदा आलं. पण १४ इंचात त्याच्या मागे लागून ताटकळत बसू नका.

व्हीप्रो सोडून द्या. ते आमच्यासारख्या लोकांसाठी असतं, शेकडो मशीन लांबून सांभाळायची, विंडोज पडलेली असताना सुद्धा बायॉसपर्यंत पोचायचं, त्यासाठी. एकट्या माणसाला त्यातलं काही वापरायला मिळत नाही. फक्त कधीकधी चांगला पॅनल व्हीप्रोवाल्या पार्ट नंबरलाच जोडलेला असतो, तेव्हा पॅनलसाठी नाइलाजाने घ्यावं लागतं, आणि मला ते साफ नापसंत आहे. 'मिल-स्टँडर्ड ८१०एच पास' यावरही भुलू नका. ती चाचण्या कशा घ्यायच्या याची अमेरिकन लष्कराची नियमावली आहे, त्यातल्या कुठल्या चाचण्या करायच्या ते कंपनी स्वतः ठरवते आणि लष्कर कुणालाही प्रमाणपत्र देत नाही.

पैसे घालायचे तर वॉरंटीत घाला. तीन वर्षांची ऑनसाइट, म्हणजे इंजिनीअर तुमच्याकडे येतो, आणि अपघाती नुकसानीचं कव्हर. फ्रीलान्सरला मशीन आठवडाभर सर्व्हिस सेंटरला पडून राहणं परवडत नाही. आणि बारीक अक्षरं वाचा, मशीनला तीन वर्षं असली तरी बॅटरीला बऱ्याचदा एकच वर्ष असतं, बॅटरीचं वाढीव कव्हर वेगळं घ्यावं लागतं. चार्जिंगला ८० टक्क्यांची मर्यादा घालायची सोय बायॉसमध्ये किंवा कंपनीच्या अॅपमध्ये असते, मशीन सतत चार्जरवर असेल तर ती पहिल्या दिवसापासून चालू ठेवा.

अजून एक, बॅगेत तापण्याबद्दल कुणी बोललं नाही म्हणून सांगतो. आता बहुतेक नवीन मशीनमध्ये जुनी एस३ स्लीप उरलेली नाही, मॉडर्न स्टँडबाय असतं, त्यात मशीन अर्धवट जागं राहतं आणि बॅगेत टाकलं की कधी तापतं, कधी बॅटरी उतरवून बसतं. झाकण बंद केल्यावर हायबरनेट (चालू काम एसएसडीवर साठवून पूर्ण बंद) होईल असं सेटिंग करून टाका, एसएसडी वेगवान असल्यामुळे परत उठायला फार वेळ लागत नाही.

---

पानगळ

स्क्रीनबद्दल मी सांगते, कारण माझं दिवसभराचं काम मजकूर वाचण्याचं आहे.

स्पेक शीटमध्ये '४५ टक्के एनटीएससी' (हेही रंगांचंच माप) दिसलं की पुढे वाचूच नका. ७२ टक्के एनटीएससी म्हणजे साधारण पूर्ण एसआरजीबी, त्यावरून ४५ म्हणजे किती फिका ते लक्षात येईल. लाल रंग विटकरी दिसतो, आणि कोड एडिटरमधले दोन जवळचे रंग एकच वाटायला लागतात. इतक्या महाग मशीनमध्ये हा पॅनल अजून लावतात याचा मला मनापासून राग येतो. तुम्हाला हवाय तो १९२० बाय १२००, ४०० निट्स, १०० टक्के एसआरजीबी, मॅट, आणि शक्यतो 'लो पॉवर' लिहिलेला. असा पॅनल बहुतेक बिझनेस सिरीजमध्ये असतो, फक्त वरच्या पार्ट नंबरमध्ये लपलेला असतो.

ओलेड दिसायला सुंदर यात वादच नाही, २८८० बाय १८०० वर अक्षरं छापल्यासारखी दिसतात. पण बरेच ओलेड पॅनल उजेड कमी करण्यासाठी स्क्रीन भराभर चालू-बंद करतात, काहींत ते सेकंदाला २४० वेळाच होतं, आणि काही लोकांचे डोळे त्याने दुखतात, डोकं धरतं. मी त्यांतलीच आहे. दुसऱ्याला काहीच जाणवत नाही, म्हणून ओलेड घ्यायचाच असेल तर आधी कुणाच्या तरी मशीनवर ब्राइटनेस अर्ध्याखाली आणून बराच वेळ वाचून बघा. शिवाय पांढऱ्या पानावर ओलेड वीज जास्त खातो आणि आपलं काम बहुतेक पांढऱ्या पानावरच. डार्क मोडमध्ये काम करत असाल तर गोष्ट वेगळी.

आणि त्या प्रायव्हसी स्क्रीनच्या नादाला लागू नका. बाजूच्याला दिसत नाही हे खरं, पण फीचर बंद असताना पण कोनातून फिका दिसतो, आणि दोघांनी मिळून एका स्क्रीनकडे बघायचं झालं की पंचाईत.

---

रात्रपाळी

तिघांचेही मनापासून आभार, इतकं स्पष्ट कुणीच सांगितलं नव्हतं. काल पीडीएफ घेऊन बसले आणि ज्याच्यासाठी जंग जंग पछाडत होते तो पार्ट नंबर सापडला! २५५एच, दोन स्लॉट, मॅट, १०० टक्के एसआरजीबी, 'डब्ल्यूवॅन रेडी'. मात्र रॅम एकच १६ ची स्टिक लावून येते. कंपनीची साइट हे मशीन शोधात दाखवतच नाही, एका विक्रेत्याला नंबर कळवला तेव्हा तो मागवून देतो म्हणाला.

दोन शंका उरल्यात. रॅम मी स्वतः घातली तर वॉरंटी जाते का? आणि तेच मशीन एक-दोन वर्षं वापरलेलं बऱ्यापैकी कमी किमतीत दिसतंय, ते घ्यावं का?

---

खटपट्या

रॅम, एसएसडी घातल्याने बिझनेस सिरीजची वॉरंटी सहसा जात नाही, कंपनीच्याच मेंटेनन्स मॅन्युअलमध्ये ते कसं करायचं ते चित्रासकट दिलेलं असतं. तुमच्या मॉडेलची अट एकदा वाचून घ्या. तुम्ही घातलेली स्टिक बिघडली तर ती ज्या कंपनीची तिच्याकडे न्यायची, एवढंच. उघडण्याआधी बायॉसमधून आतली बॅटरी डिसेबल करायचा पर्याय असेल तर तो वापरा. आणि एकाच स्टिकवर चालवू नका, दुसरा स्लॉट भरला की रॅम दोन चॅनलवर चालते आणि एच सिरीजच्या ग्राफिक्सला त्याने चांगलाच फरक पडतो.

---

पॅच मंगळवार

वापरलेलं मशीन घ्यायला हरकत नाही पण पैसे द्यायच्या आधी दोन गोष्टी बघा. एक, बायॉसला सुपरव्हायजर पासवर्ड आहे का. तो असला तर बऱ्याच मॉडेलमध्ये मदरबोर्ड बदलण्याशिवाय अधिकृत उपाय नसतो. दुसरं, विंडोज नव्याने टाकून इंटरनेटला जोडून बघा. सेटअपमध्ये एखाद्या कंपनीचं नाव येऊन त्यांचा लॉगिन मागितला तर ते मशीन त्या कंपनीच्या ऑटोपायलटमध्ये (कंपन्यांची मशीन लांबून सेट करायची मायक्रोसॉफ्टची सोय) नोंदलेलं आहे आणि ती नोंद त्यांनीच काढायला हवी, विकणाऱ्याच्या हातात ते नसतं. याबाबतीत विकणारा 'होईल हो' म्हणाला तरी पैसे देऊ नका.

नवीन घेतलंत तर परत करायची मुदत संपायच्या आत सगळं तपासा. बायॉसमधला पार्ट नंबर बिलाशी जुळतो का, दोन्ही टाइप-सी पोर्टवर चार्ज होतं का, डॉक लावून दोन मॉनिटर चालतात का, आणि शांत खोलीत पूर्ण लोड देऊन पंख्याचा आवाज आणि बारीक किरकिर ऐकू येते का. सिरीयल नंबर टाकून वॉरंटी कधी सुरू झाली तेही बघा, बऱ्याचदा तिथे माल कारखान्यातून निघाल्याची तारीख पडलेली असते, बिल पाठवलं की ती खरेदीची करून मिळते.