विमानतळ आधी की तुमचा फ्लॅट आधी?

जुना सोनेगावकर:

परवा आमच्या कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक अर्ज फिरला. 'रात्री १० ते सकाळी ६ विमानांची ये-जा बंद करावी', खाली सह्यांचे रकाने. मी सही केली नाही. का केली नाही ते ग्रुपवर लिहिलं, तर सकाळी तलावावर फिरायला येणारे दोघं बोलेनासे झाले. म्हणून इथे टाकतो. भांडायचं असेल तर भांडा.

आम्ही १९८४ पासून सोनेगावात, नागपूर विमानतळाच्या शेजारी. बाबांना प्लॉट परवडला तो विमानतळामुळेच. दलाल म्हणाला होता, "साहेब, आवाज येईल हं." बाबा टपाल खात्यातले, ते हसले. नव्या लोकांना ठाऊक नसेल, १९४९ पासून मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास इथून रात्री टपालाची विमानं निघत आणि मध्यरात्री नागपुरात एकत्र येत. इथे पोत्यांची अदलाबदल व्हायची आणि पहाटेच्या आत सगळी आपापल्या गावी परत. १९७३ पर्यंत हे चाललं. देशाच्या मधोमध असल्याचा या गावाला झालेला हा पहिला रोकडा फायदा, आणि तो रात्रीच्या विमानांचाच होता. सोनेगावची धावपट्टी तर त्याहून जुनी, पहिल्या महायुद्धाच्या काळातली.

आता गेल्या पाच-सात वर्षांत वर्धा रोडला फ्लॅट घेतलेले लोक म्हणतात, आवाजाने झोप मोडते. 'एअरपोर्टपासून ५ मिनिटं' ही जाहिरात वाचूनच बुकिंग केलं ना? मोक्षधामाशेजारी घर घ्यायचं आणि धूर येतो म्हणून ओरडायचं, त्यातलाच हा प्रकार. नंतर आलेल्याने आधीच्याला उठ म्हणू नये, एवढंच माझं म्हणणं.

टिटवी:

काका, तुमच्या बाबांनी १९८४ साली जो आवाज मान्य केला तो आत्ताचा नव्हता. तेव्हा दिवसभरात येऊन येऊन किती विमानं यायची? आता वर्षाला पंचवीस लाखांहून जास्त माणसं इथून ये-जा करतात. भाडेकरू एक ठेवला आणि दहा राहायला आले, तर घरमालकाला 'आधीच कबूल केलं होतंस' म्हणाल का?

मी जयताळ्याला राहते. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून विमानाची चाकं दिसतात. मुलगा लहान होता तेव्हा मजा वाटायची, त्याला भरवताना कामी यायची. पण मी हॉस्पिटलात आहे, महिन्यातले पंधरा दिवस नाइट. सकाळी नऊला झोपते. तेव्हा अर्जवाल्यांनाही माझा विरोधच आहे. रात्रीची विमानं बंद झाली तर ती जाणार कुठे? दिवसा येणार, माझ्या डोक्यावरून. रात्री झोपतात तेवढीच माणसं, असं धरून चाललेत सगळे.

मनीषनगरी:

काकांना +१. विमान ४० सेकंदात निघून जातं. शेजारच्या लॉनमधला डीजे नवरदेव घोड्यावरून उतरेपर्यंत काही थांबत नाही, त्याच्याविरुद्ध मात्र एकाचीही सही नाही, कारण पुढच्या महिन्यात आपल्याच भाच्याचं लग्न तिथे आहे. त्याच लॉनवाले आकाशात लेझर सोडतात, ते पायलटच्या डोळ्यात जातं. चिकनवाले पिसं-आतडी नाल्याकाठी टाकतात, त्यावर घारी जमतात. विमानतळाच्या १० किलोमीटरच्या आत उघड्यावर कत्तल करायला आणि पक्षी गोळा होतील असा कचरा टाकायला बंदी आहे, १९३७ च्या विमान नियमांत तसं लिहिलंय. १० किलोमीटर म्हणजे मोजा, शहराच्या मधली बर्डीसुद्धा आली त्यात. आधी आपलं अंगण झाडा, मग विमानाला नावं ठेवा.

नियमपुस्तक:

हे भलतंच. घारी आणि लेझर हा विमानाच्या सुरक्षेचा प्रश्न, झोप हा माणसाच्या तब्येतीचा. एक सुटला नाही म्हणून दुसरा विचारूच नये का?

थोडे आकडे देतो. साध्या निवासी भागात ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे मर्यादा दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. विमानतळाच्या पट्ट्यासाठी २०१८ मध्ये वेगळी मानकं आली. वर्षाला ५० हजारांहून जास्त उड्डाणं-उतरणी असतील तिथे दिवसा ७० आणि रात्री ६५, त्याहून लहान विमानतळाला ६५ आणि ६०. नागपूर लहानांत मोडतं. म्हणजे त्या पट्ट्यातल्या माणसाच्या कानाला रात्री १५ डेसिबल जास्त सोसायला सांगितलंय. आणि हा आकडा सरासरीचा. तीन विमानं ८५ ला गेली आणि बाकी रात्र शांत असली, तर कागदावर सगळं आलबेल. झोप सरासरीने मोडत नाही, त्या तीन विमानांनीच मोडते.

शिवाय रात्रीची बंदी म्हणजे काही जगावेगळी मागणी नाही. सिडनीत रात्री ११ ते सकाळी ६, फ्रँकफर्टला ११ ते ५ अशी बंदी आहेच.

टॉवरवाला (निवृत्त):

इतकी वर्षं विमानतळाच्या आवारात काढली, म्हणून लिहितो.

आपली धावपट्टी ३२०० मीटर लांब, नाव १४/३२. म्हणजे एक तोंड १४० अंशांवर, दुसरं ३२० वर. आग्नेय-वायव्य. एका टोकापुढे चिंचभुवन, वर्धा रोड, दुसऱ्या टोकापुढे जयताळा आणि हिंगण्याची बाजू. विमान वाऱ्याच्या तोंडावर चढतं आणि उतरतं, त्यामुळे आज कोणाच्या गच्चीवरून जायचं हे वारा ठरवतो. टिटवीताईंना चाकं दिसतात ती त्यामुळे. धागाकर्त्यांचं सोनेगाव मात्र धावपट्टीच्या कुशीला आहे, रेषेत नाही. काका, तुम्हाला विमान ऐकू येतं, पण तुमच्या डोक्यावरून ते जात नाही. हा फरक मोठा आहे. राग मानू नका.

आता नियमपुस्तकांना. सिडनी समुद्रकाठी, आपण नकाशाच्या बेंबीत. मुंबई-दिल्लीला उतरणारी सोडाच, युरोप-आखातातून पूर्वेकडे जाणारी विमानंही आपल्यावरून जातात, ३०-४० हजार फुटांवर, तुम्हाला पत्ता लागत नाही. त्यातल्या एखाद्यात रात्री दोनला कुणाच्या छातीत कळ आली की पायलट विचारतो, नागपूर उघडं आहे का? किती वेळा रुग्णवाहिका धावपट्टीजवळ उभी राहिलेली पाहिली आहे. रात्री कुलूप लावून चालणार नाही.

नियमपुस्तक:

आणीबाणीला कोण अडवतंय? जिथे बंदी आहे तिथेही आणीबाणीला वाट असतेच. आमचा प्रश्न वेळापत्रकातल्या विमानांचा. छातीतली कळ वेळापत्रकात नसते.

टॉवरवाला (निवृत्त):

ते खरं. पण शारजा-दोह्याची विमानं रात्री-पहाटेच येतात ती हौसेने नाही. तिकडे पुढची जोडणी मिळाली पाहिजे म्हणून. वेळ सरकवली तर प्रवासी मुंबईमार्गे जाईल, आणि मग याच धाग्यावर 'नागपूरला परदेशी विमानं का नाहीत' असं कोणी लिहील.

दोन बीएचके:

मी दलाल आहे, लपवत नाही. आमच्यामुळेच सगळं झालं असा सूर दिसतो म्हणून बोलतो. मी प्रत्येक गिऱ्हाइकाला गच्चीवर नेऊन एक विमान दाखवतो, मगच टोकन घेतो. काही बिल्डर मुद्दाम दुपारच्या रिकाम्या वेळी साइट दाखवतात, तेही खरं.

पण एक गोष्ट कोणी बोलत नाही. विमानतळानेच आपलं आभाळ वाचवलंय. धावपट्टीपासून साधारण ४ किलोमीटरपर्यंत इमारतीचं टोक विमानतळाच्या पातळीपेक्षा ४५ मीटरच वर जाऊ शकतं, धावपट्टीच्या रेषेत त्याहून कमी. आणि उंचीचा दाखला मिळतो तो समुद्रसपाटीपासून. विमानतळ ३१५ मीटरच्या आसपास, म्हणजे दाखल्यावर येतं ३६०. गिऱ्हाईक बघतं आणि म्हणतं, अरे वा, ३६० मीटर, शंभर मजले! भाऊ, तुझी जमीनच ३१० वर आहे. उरले ५०, त्यात पाण्याची टाकी, लिफ्टची खोली, अँटेना सगळं आलं. हा हिशेब न कळल्यामुळे वरचा मजला अडकलेले लोक मी पाहिलेत. तरी बाकी शहरात बुरुज उठले असताना इकडे अजून सकाळचं ऊन अंगणात येतं, ते कोणाच्या कृपेने?

टिटवी:

ऊन येतं हो. नागपुरात उन्हासाठी उपकार मानायचे, हे नवीन ऐकलं.

शिवणगावचा:

काकाजी, 'आधी कोन' हा हिसाब काढलाच आहे तं पुरा काढू. विमानतळाच्या आधी कोन होतं? आमचं गाव होतं. आज्याचं वावर होतं, तूर-कापूस होता, इहीर होती. तुमच्या बाबानं आवाज मान्य करून पलाट घेतला, आमाले कोनी इचारलं नाई. मंग विमानतळाले लागून मिहान नावाचा कार्गो-उद्योगाचा प्रकल्प आला, दुसऱ्या धावपट्टीची गोष्ट आली, जमिनी गेल्या. लोकाईले जागा देल्ली चिंचभुवनकडे. अन् चिंचभुवन कुठं आहे, थे आत्ताच टॉवरवाल्या भाऊनं सांगितलं. विमानासाठी उठवलं अन् विमानाखाली बसवलं.

मोबदल्याच्या फाईलीसाठी माह्या बापानं किती चकरा मारल्या थे सांगत बसत नाई. पन 'नंतर आलेल्यानं बोलू नये' हा नियम असन, तं बोलाचा पयला नंबर आमचा लागते. तुमचा नाई, अन् फ्लॅटवाल्याचा तं नाईच नाई.

अन् गंमत पाहा. आमी अर्ज नाई करून राहिलो. आमच्या गल्लीतले चार पोट्टे तिथं सामान चढवाच्या कामावर आहेत. रात्रपाळीचं विमान बंद झालं का थे घरी बसन. आमाले विमान खुपत नाई. आमाले काय खुपते, तं फाटकातून आत जायाले आमच्याच वावरावर आमाले पास दाखवा लागते.

मनीषनगरी:

याला उत्तर नाही आपल्याकडे.

जुना सोनेगावकर:

शिवणगावचे भाऊ, तुम्ही माझा मुद्दा माझ्याच हातात मोडलात. मी लिहिताना १९८४ च्या मागे फक्त टपालाच्या विमानांपर्यंत गेलो, त्याच्याही मागे वावर होतं हे डोक्यात आलं नाही. 'आधी-नंतर' मी मागे घेतो. टॉवरवाल्यांनी सांगितलेलंही खरंच. चाळीसेक वर्षं शेजारी राहून मला वाटायचं विमान माझ्या डोक्यावरून जातं. काल संध्याकाळी मुद्दाम गच्चीवर उभा राहून पाहिलं. बाजूनेच जातं.

सही मात्र करणार नाही. ती पोरं घरी बसतील, हे कारण आता माझ्या कारणापेक्षा मोठं वाटतं. अर्जातली ओळ बदलून 'रात्री १२ ते ४ मध्ये नव्या फेऱ्या वाढवताना आजूबाजूच्या वस्त्यांना विचारा' असं कोणी लिहिलं, तर विचार करीन.

नियमपुस्तक:

मसुदा मी करतो. त्यासोबत जयताळा आणि चिंचभुवन इथे आवाज मोजणारी यंत्रं बसवून आकडे लोकांना दिसतील अशी सोय करा, हेही टाकतो. मोजल्याशिवाय भांडण पुढे जात नाही.

टिटवी:

दिवसाचे आकडेही मागा. सकाळी ९ ते दुपारी ४. कोणाचं तरी ते रात्रीचं असतं.

खसकूलर:

सगळा धागा वाचला. कोणी खिडकीबद्दल बोललंच नाही. परदेशात काय, दुहेरी काचा लावतात आणि झोपतात. आपल्याकडे कूलरला एक खिडकी उघडी लागतेच, नाहीतर खोलीत नुसता दमटपणा. म्हणजे काच लावून विमान बंद करायचं तर एसी हवा, आणि एसीचं बिल कोण भरणार?

पण त्याच कूलरमुळे एप्रिल ते जून आमच्या घरात विमान ऐकूच येत नाही. मोटरचा आवाज एवढा की दारावरची बेलसुद्धा ऐकू येत नाही. पाऊस पडला, कूलर बंद झाला की विमानं परत येतात. आम्ही दरवर्षी म्हणतो, आली बघ विमानं, जसं काही मधल्या काळात गावाला गेली होती. आत्ता मार्च संपतोय. आमच्याकडे खस बदलणारा माणूस आज येऊन गेला. नियमपुस्तक, सह्या घ्यायच्या तर या आठवड्यातच घ्या, पुढच्या आठवड्यात बेल वाजवून कोणी दार उघडणार नाही.