मदत हवी आहे: 'ब्लॅक मिथ: झोंग कुई' मला झेपेल का?

नमस्कार मंडळी,

'ब्लॅक मिथ: वुकाँग' हा गेम बनवणाऱ्या गेम सायन्स कंपनीने त्याच मालिकेतला 'झोंग कुई' जाहीर केला तेव्हापासून तो गेम डोक्यातून जात नाहीये. उत्सुकता आहे तेवढीच धाकधूकही आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावं.

उत्तर देणाऱ्यांना अंदाज यावा म्हणून आधी माझी पातळी सांगते. वुकाँग पूर्ण केला, पण रडतखडत. 'एल्डन रिंग' आत्मे बोलावून, त्यांना पुढे करून, स्वतः मागे राहून संपवला. 'सेकिरो' अर्ध्यावर सोडला आणि त्याची मला अजिबात खंत नाही. चाळिशी उलटली आहे, उजव्या अंगठ्याचा सांधा कुरकुरतो, त्यामुळे एका बैठकीत फार वेळ कंट्रोलर धरवत नाही. हे गेम मी दंतकथा, देवळं, मूर्ती, राक्षसांचे स्वभाव यांच्यासाठी खेळते. वुकाँगमध्ये प्रत्येक शत्रूची स्वतंत्र गोष्ट नोंदवहीत लिहिलेली आहे. त्यातल्या कित्येक गोष्टी मी लढाया बाजूला ठेवून वाचत बसायचे.

आता अडतं कुठे ते सांगते. दुसऱ्या अध्यायातला तो वाघ, टायगर व्हॅनगार्ड. रक्ताने भरलेल्या दालनात गाठ पडते. तो पंजा उगारतो आणि तसाच हवेत धरून ठेवतो. आपण दचकून डॉज करतो (म्हणजे झटकन सरकून फटका चुकवतो), आपला डॉज संपतो आणि नेमका तेव्हा पंजा खाली येतो. जणू माझ्या बटणाकडे बघूनच मारतो. बरं, धीर धरून त्याला गाठावं आणि चार फटके हाणावेत, तर मध्येच तो स्वतः दगड होतो. काठी दगडावर आपटली की आपला तोल जातो आणि त्याचा उलटा फटका ठरलेला. तो हरल्यावर दगड व्हायची तीच विद्या आपल्याला मिळते, हे मात्र मला फार आवडलं. ज्याने छळलं त्याचंच शस्त्र हातात येतं.

म्हणजे वेगवान हल्ल्यांचा मला तेवढा त्रास होत नाही. पहिल्या अध्यायातल्या लांडग्यांचे झटपट हल्ले मी बऱ्यापैकी चुकवत होते. मुद्दाम लांबवलेला हल्ला आला की मी कोलमडते.

वुकाँगमध्ये अडचणीची पातळी निवडायची सोय नव्हती, पण गेम तसा दिलदार होता. मेल्यावर जमवलेलं काही जात नाही, देवळीपाशी (वाटेतल्या विसाव्याच्या जागी) सगळी कौशल्यं फुकटात काढून पुन्हा लावता येतात, शत्रूला जागीच थिजवायचा मंत्र सुरुवातीलाच मिळतो. या मवाळपणामुळेच माझ्यासारखी बाई शेवटपर्यंत पोचली.

भीती आहे ती दुसऱ्या भागाची. पहिला गाजला की पुढचा भाग बहुतेकदा पहिला पचवलेल्यांना डोळ्यांसमोर ठेवून बनतो. 'सिल्कसाँग'चंच बघा. 'हॉलो नाइट' २०१७ चा, त्यात अडचण हळूहळू चढत जाते. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये 'सिल्कसाँग' आला आणि सुरुवातीच्या भागातच एका फटक्यात दोन-दोन मुखवटे (त्यात जीव मुखवट्यांत मोजतात) उडायला लागले. ओरड झाल्यावर पहिल्याच पॅचमध्ये (दुरुस्तीच्या अपडेटमध्ये) मूरविंग आणि सिस्टर स्प्लिंटर हे सुरुवातीचे बॉस, म्हणजे मोठे शत्रू, थोडे सौम्य करावे लागले. 'झोंग कुई'ची गोष्ट वेगळी, नायक वेगळा, त्यामुळे काटेकोर अर्थाने तो वुकाँगचा पुढचा भाग नाही हे मान्य. पण बनवणारे तेच, मालिका तीच आणि वाट बघणारेही तेच.

तर माझे प्रश्न असे. गेम सायन्स या वेळी सोपी पातळी देईल असं वाटायला काही आधार आहे का? वाघावर बसून जाणारा अवतार ट्रेलरमध्ये भारदस्त दिसतो, वुकाँगमधल्या माकडासारखा चपळ नाही. मग डॉजवरची मदार कमी होईल का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, मधल्या काळात लांबवलेल्या हल्ल्यांची सवय होईल असं काय खेळावं? अंगठा सांभाळून.

'जमत नसेल तर खेळू नका' हे उत्तर माहीत आहे. ते सोडून काहीही चालेल. आगाऊ धन्यवाद.

प्रतिसाद १

तयारीला भरपूर वेळ आहे, काळजी नसावी. वुकाँगचा पहिला, तेरा मिनिटांचा व्हिडिओ आला २० ऑगस्ट २०२० ला आणि गेम आला २० ऑगस्ट २०२४ ला. चार वर्षं, तारखेलाच तारीख. 'झोंग कुई' २०२५ च्या ऑगस्टमध्ये जाहीर झाला आणि तेव्हा तर प्रत्यक्ष खेळ दाखवलाच नाही, नुसती सीजी (संगणकावर बनवलेली) फिल्म होती. त्या फिल्मवरून डॉज आहे की ढाल आहे हे ठरवण्यात अर्थ नाही.

प्रतिसाद २

सोपी पातळी? विसरा. वुकाँगच्या पहिल्या तीन दिवसांत एक कोटी प्रती खपल्या, तेही सोपी पातळी नसताना. मग कशाला देतील?

प्रतिसाद ३

@प्रतिसाद २, तोच आकडा उलटाही वाचता येतो. एक कोटी लोकांत असले गेम आयुष्यात पहिल्यांदा हातात घेतलेले किती असतील! ते सगळे वाघापाशी अडकून बसले असतील आणि ते बनवणाऱ्यांना दिसत नसेल असं नाही.

शिवाय वारं बदलतंय. 'लाइज ऑफ पी' २०२३ मध्ये आला तेव्हा एकच पातळी होती. २०२५ ला 'ओव्हर्चर' हा जोडभाग आला तेव्हा मूळ गेमलाही अडचणीच्या पातळ्या मिळाल्या. 'एल्डन रिंग'चा जोडभाग २०२४ च्या जूनमध्ये आला, त्यातही ओरडा झाल्यावर आशीर्वादाच्या (खेळाडूचं बळ वाढवणाऱ्या सोयीच्या) सुरुवातीच्या टप्प्यांची ताकद पॅचने वाढवली. त्यामुळे 'सोपी पातळी येणारच नाही' असं मी तरी छातीठोकपणे म्हणणार नाही. 'येणारच' असंही नाही. गेम आल्यावर पहिले काही पॅच पडू द्या आणि मग घ्या, एवढं मात्र नक्की सांगेन.

प्रतिसाद ४

ताई, तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर वुकाँगमध्येच आहे, बाहेर कुठे जायला नको. २०२४ च्या डिसेंबरच्या अपडेटमध्ये हरवलेल्या बॉसशी पुन्हा लढायची सोय आली. वाघाला परत गाठा, पण जिंकायला नको. अजिबात मारायचं नाही. फक्त बघायचं.

लांबवलेल्या हल्ल्यात हात वर जातो तो नुसता इशारा असतो. त्या क्षणी डॉज करायचा नाही. हात *खाली यायला सुरुवात होते* तो क्षण पकडायचा. वाघाच्या बाबतीत खांद्याकडे बघा, पंजाकडे नको. पंजा वर थबकतो तेव्हा खांदा मागे खेचलेला असतो. फटका सुटतो तेव्हा आधी खांदा पुढे येतो, पंजा त्याच्या मागून. मी हे कितीतरी वेळा मरून शिकलो, पण एकदा नजर बसली की पुढे एरलांग या अवघड बॉसपर्यंत उपयोगी पडली.

दुसरं असं की घाबरून केलेला डॉज सहसा मागे जातो. मागे गेलात की त्याची झेप तुम्हाला गाठतेच. बाजूला किंवा त्याच्या काखेतून पुढे जा. तो दगड होतो तेव्हा फक्त हात आवरायचा, थांबायचं. आपले हलके फटके एका दमात सगळे मारायची सवय असली तर ती मोडायला लागते: दोन मारा, थांबा, बघा.

अवांतर: झोंग कुई ही मूळ कथा वाचा, तुम्हाला आवडेल. परीक्षेत पहिला आलेला विद्वान, पण कुरूप म्हणून दरबाराने नाकारला. त्याने जीव दिला आणि मग तोच भुतांना पकडणारा झाला. तांग सम्राट श्वानझोंग आजारी असताना त्याच्या स्वप्नात येऊन त्याने भूत खाल्लं अशी आख्यायिका आहे. लहान भुतं त्याची चाकरी करतात. गेममध्ये त्यांना हाताशी घेऊन लढता आलं तर एल्डन रिंगच्या आत्म्यांसारखीच सोय होईल. ही निव्वळ माझी अटकळ, कुठे वाचलेलं नाही.

प्रतिसाद ५

कशावर खेळता ते लिहिलं नाहीत. महत्त्वाचं आहे, म्हणून विचारतो. वुकाँगमध्ये फ्रेम जनरेशन चालू आहे का? त्याने चित्र गुळगुळीत दिसतं, पण मधल्या फ्रेम्स (चित्रं) बनवलेल्या असतात. गेम तुमचं बटण त्या फ्रेम्सवर ऐकत नाही, वर थोडा उशीरच लागतो. डोळ्याला साठ फ्रेम्स दिसतात आणि हाताला तीस-चाळीसचाच प्रतिसाद मिळतो. असल्या गेममध्ये तो फरक जिवावर बेततो. ते बंद करा, त्याऐवजी सावल्या आणि रे ट्रेसिंग (प्रकाश-प्रतिबिंबांचं जड काम) कमी करा. टीव्हीवर खेळत असाल तर टीव्हीचा गेम मोड चालू आहे ना ते बघा. तो नसेल तर टीव्ही चित्रावर संस्कार करत बसतो आणि तुम्ही सगळं भूतकाळात बघता.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. पीसीवर खेळते, पडदा टीव्हीचा. फ्रेम जनरेशन चालू होतं, गेमनेच आपणहून लावलेलं. बंद करून बघितलं. दृश्यं मघापेक्षा ओबडधोबड वाटतात, पण डॉज लगेच होतो हे हाताला जाणवतंय. टीव्हीचा गेम मोड आधीपासून चालू होता.

@प्रतिसाद ४, खांद्याचं सांगितलंत ते करून पाहिलं. न मारता नुसतं वाघाभोवती फिरणं फार विचित्र वाटतं, पण मजा येते. थबकलेला पंजा आता ओळखू येतो. डॉज अजून दोनात एकदाच जमतो. अंगठ्याचं मात्र काय करू? हलका फटका, जोराचा फटका, डॉज आणि कॅमेरा, सगळं उजव्या अंगठ्यावरच आहे.

प्रतिसाद ६

डॉज अंगठ्यावरून काढून टाका. स्टीममध्ये (पीसीवर गेम चालवायच्या ॲपमध्ये) कंट्रोलर लेआउट उघडा आणि उजव्या हाताचं वरचं खांद्याचं बटण आणि डॉजचं बटण यांची अदलाबदल करा. डॉज तर्जनीवर आला की अंगठ्याला फक्त फटके आणि कॅमेरा उरतो. मागे जास्तीची बटणं असलेला कंट्रोलर असेल तर आणखी उत्तम, मधल्या बोटाने डॉज करता येतो. प्लेस्टेशनवरही सेटिंग्जमधल्या ॲक्सेसिबिलिटीत बटणं बदलता येतात. म्हणजे 'झोंग कुई' कशावरही घेतलात आणि त्या गेममध्ये बटणं बदलायची सोय नसली तरी अडणार नाही. पहिले काही दिवस चुकून काढा (जखमा भरणारं पेय) पिण्याऐवजी डॉज किंवा डॉजऐवजी काढा होईल, तेवढं सोसा.

आणि कॅमेरा. मोठ्या बॉसला लॉक लावून ठेवला (म्हणजे नजर त्याच्यावर खिळवली) तर कॅमेरा आपोआप फिरतो आणि अंगठा सुटतो. अगदी प्रचंड बॉस असेल तेव्हाच लॉक काढा, नाहीतर कॅमेरा त्याच्या पोटात शिरतो.

प्रतिसाद ३

अंगठ्याच्या दृष्टीने मधल्या काळात 'हेडीज' खेळा. त्यात कॅमेरा सांभाळायचाच नसतो आणि एकेक फेरी छोटी असते. गॉड मोड लावलात तर २० टक्के मार कमी लागतो आणि दर मरणामागे आणखी २ टक्के कमी होत जातो, ८० पर्यंत. दुसऱ्या भागातही गॉड मोड आहे. लांबवलेले हल्ले त्यात फारसे नाहीत, त्यामुळे वाघासाठी थेट उपयोग नाही, पण 'एक-दोन फटके मारून बाजूला सरकायचं' ही शिस्त हातात भिनते.

प्रतिसाद २

मघाचं माझं उत्तर जरा तुटक झालं. सोपी पातळी येणार नाही हे मत कायम आहे. पण वुकाँगमध्येही सोपी पातळी लपलेली होतीच की. केस उपटून स्वतःसारखे क्लोन सोडायचा मंत्र घ्या. बॉस त्यांच्याकडे वळला की तुम्हाला श्वास घ्यायला, काढा प्यायला वेळ मिळतो. हरवलेल्या शत्रूंचे आत्मे आपल्याला वापरता येतात, त्यातला मोठ्या डोक्याच्या त्या वाँडरिंग वाइटचा आत्मा लावा, एका धडकेत बॉसचं भरपूर रक्त जातं. 'झोंग कुई'मध्येही असं काहीतरी ठेवतीलच, शोधावं लागेल इतकंच. फक्त पहिल्या आठवड्यात घेऊ नका, तोवर कोणालाच सापडलेलं नसतं.

धागाकर्ती

वाँडरिंग वाइटला मी टाळून पुढे गेले होते. तो वाटेवर नाही, लढलंच पाहिजे अशी सक्ती नाही. आता नव्याने सुरू करते आणि त्याला गाठतेच, तेवढाच डॉज तर्जनीवर बसवायचा सराव. अदलाबदल केली आहे. अजून दर थोड्या वेळाने डॉजऐवजी काढा पिते आहे.

एक उरलंच: लॉक लावलेला असताना बॉस उडी मारून मागे गेला की कॅमेरा गर्रकन फिरतो आणि मला दिशाच कळत नाही. कॅमेऱ्याचा वेग कमी केल्याने यात फरक पडतो का, की लॉकवर त्याचा परिणाम होत नाही? कोणी करून पाहिलं असेल तर सांगा.