मदत हवी आहे: 'बाय' नसलेलं इंग्रजी पॅसिव्ह (कर्मणी) वाक्य ॲक्टिव्ह (कर्तरी) कसं करायला सांगायचं?

नमस्कार मंडळी. साताऱ्यात दहावीच्या मुलांसाठी पॅसिव्हची ॲक्टिव्ह करायची 20 वाक्यं काढतोय.

'द लेटर वॉज रिटन बाय हर' सोपं आहे. 'बाय'नंतरचा कर्ता पुढे, 'हर'चं 'शी', 'वॉज' गेलं, 'रिटन'चं 'रोट'. तरी मुलं 'शी रिटन द लेटर' लिहितात, कारण 'वॉज' काढताना त्यातला भूतकाळ क्रियापदाला द्यायचा राहून जातो. 'द मँगोज हॅव बीन ईटन बाय हिम'चं 'ही हॅव ईटन' करतात. तिथे नव्या कर्त्याप्रमाणे 'हॅज' हवं. हे सरावाने सुटतं.

खरं अडतंय ते 'प्रतापगड वॉज बिल्ट इन 1656'पाशी. कर्ता कोण धरायचा? हुकूम शिवाजी महाराजांचा, काम मोरोपंत पिंगळ्यांच्या देखरेखीखाली. 'समवन बिल्ट प्रतापगड' व्याकरणात बसतं, पण वाचायला पोरकट. (आपल्या 'गड बांधला गेला'लाही कर्ता कुठे असतो म्हणा!) 'द थीफ वॉज अरेस्टेड'ला 'द पोलीस' चालून जातं, कारण अर्थातूनच कळतं.

अशी वाक्यं गाळावीत, की कर्ता कंसात देऊन विचारावीत? कंसात दिला तर कर्ता शोधायची सवयच लागत नाही, ही माझी शंका. इंग्रजी शिकवणाऱ्यांनी कृपया सांगा.