मदत हवी आहे: येत्या थंडीत कादवेकाठच्या सखल बागेचा पारा किती खाली जाईल, हे आधी कसे ठरवावे?

नमस्कार.

निफाड तालुक्यात कादवा नदीच्या काठी आमची द्राक्षबाग आहे. गेले तीन हिवाळे मी बागेतले रोजचे किमान तापमान स्वतः मोजून वहीत लिहीत आलो आहे. येत्या शुक्रवारपासून उत्तरेकडची थंड हवा पुन्हा आपल्याकडे उतरणार, याबद्दल सगळ्या अंदाजांचे एकमत आहे. ती किती झोंबणार, याबद्दल मात्र नाही. आज मंगळवारी सकाळी पाहिले तेव्हा शनिवारच्या पहाटेसाठी अमेरिकेचे जीएफएस मॉडेल, म्हणजे संगणकावर चालणारी अंदाजपद्धती, निफाडला ६ अंश दाखवत होते, तर युरोपीय मॉडेल ९ अंश. या तीन अंशांवर माझी बरीच कामे अवलंबून आहेत, म्हणून हा प्रश्न येथे सविस्तर मांडत आहे.

५ ऑक्टोबरला गोडी छाटणी (फळ धरण्यासाठीची छाटणी) केलेल्या थॉमसन या हिरव्या द्राक्षाच्या मण्यांत आता पाणी उतरू लागले आहे, म्हणजे मणी मऊ होऊ लागले आहेत. या अवस्थेत पहाटेचा पारा फार खाली गेला आणि दुपारी पुन्हा २८ अंशांवर चढला, की मणी तडकतात. हिरव्या मण्यांवर गुलाबी छटा येते आणि तो माल निर्यातीला चालत नाही. दोन वर्षांपूर्वी जानेवारीत एका पहाटे काठच्या प्लॉटमध्ये ३.६ अंशांची नोंद झाली होती. अंदाज ८ अंशांचा होता, त्यावर विसंबून मी काहीच तयारी केली नव्हती आणि काठाकडच्या ओळींतले बरेच घड वाया गेले. त्या सकाळी ओळींतून फिरताना जे पाहिले ते पुन्हा पाहण्याची इच्छा नाही. शेकोट्यांसाठी लाकूडफाटा आणि रात्रभर जागायला माणसे लागतात, पण ही सोय मी आठवड्यातून एकदाच करू शकतो. त्यामुळे नेमकी रात्र ओळखणे मला आवश्यक आहे.

आमचे दोन प्लॉट आहेत, एक माळावर आणि एक नदीकाठी. दोन्हींच्या उंचीत जेमतेम बारा मीटरचा फरक आहे. तरी निवांत रात्रीनंतर काठचा प्लॉट माळापेक्षा दोन ते तीन अंशांनी थंड असतो. कोणत्याही मॉडेलला हा फरक दिसत नाही, हे मला समजते. गेल्या दोन हिवाळ्यांत युरोपीय मॉडेलने आदल्या दिवशी सांगितलेला आकडा आणि काठच्या प्लॉटमधला प्रत्यक्ष आकडा यांतला फरक मी रोज काढला. त्याची सरासरी १.८ अंश आली, म्हणजे बाग अंदाजापेक्षा सरासरी एवढी थंड असते. पण ही सरासरी प्रत्यक्षात उपयोगी पडत नाही, कारण एखाद्या रात्री फरक चार अंशांचा असतो आणि एखाद्या रात्री शून्य.

६ अंश हा आकडा मला अतिशयोक्तीचा वाटत नाही. नाशिकचा नोंदलेला नीचांक ०.६ अंश आहे, तोही ७ जानेवारी १९४५ चा. डिसेंबर २०१८ च्या अखेरीस जो कडाका पडला, त्यात २९ तारखेला नागपूर ३.५ अंशांपर्यंत आणि पुणे ५.९ अंशांपर्यंत उतरले होते. हवामान विभागाच्या निकषानुसार मैदानी भागात किमान तापमान १० अंश किंवा त्याखाली आणि सरासरीपेक्षा किमान ४.५ अंशांनी कमी असेल, तर थंडीची लाट समजली जाते. परंतु ही घोषणा जिल्ह्यासाठी असते, आणि माझा प्रश्न नदीकाठच्या तीन एकरांचा आहे.

तापमापक द्राक्षाच्या मांडवाच्या खांबाला दीड मीटर उंचीवर बांधलेला आहे आणि त्यावर पत्र्याचा लहान तुकडा आहे. माझी विचारणा अशी की, दोन मॉडेलांपैकी कोणते धरावे, त्यातून सखल जागेचा आकडा कसा काढावा, आणि संध्याकाळी बागेत उभे राहून कोणत्या खुणांवरून तो अंदाज पक्का करता येईल?

प्रतिसाद १

आधी तापमापकाची खात्री करून घ्यावी. बर्फाचा चुरा आणि थोडे पाणी थर्मासमध्ये कालवून त्यात संवेदक बुडवा आणि पंधरा मिनिटे थांबा. आकडा शून्यावर यायला हवा. न आल्यास जितका फरक दिसेल तितका प्रत्येक नोंदीतून वजा करावा किंवा तिच्यात मिळवावा. दुसरे असे की, वरचा पत्रा रात्री उघड्या आकाशाकडे उष्णता फेकून स्वतःच हवेपेक्षा थंड होतो, आणि त्याला चिकटलेला संवेदकही कमी आकडा दाखवतो. हवामान केंद्रांत झरोक्यांची पांढरी पेटी याचसाठी असते. पांढऱ्या प्लॅस्टिकच्या चार-पाच ताटल्या मध्ये मोकळी जागा सोडून एकावर एक बसवल्या, तरी घरगुती पेटी चांगली होते.

प्रतिसाद २

मी पुण्यात राहतो आणि गेली अनेक वर्षे हौसेने किमान तापमानांचा मागोवा घेत आहे. आपला प्रश्न मला फार जवळचा वाटला, कारण पुण्यातही हेच घडते. एकाच पहाटे पाषाण आणि एनडीएचा (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचा) परिसर गारठलेला असतो, शिवाजीनगर त्याहून थोडे उबदार असते आणि मगरपट्ट्यात पारा कितीतरी वर असतो. शहर एकच, वरची हवा एकच, तरीही आकडे वेगळे.

मॉडेल निवडण्यापेक्षा आपण रात्री निवडाव्यात, असे मला वाटते. आपल्या सरासरीत ढगाळ, वाऱ्याच्या आणि निरभ्र निवांत अशा सगळ्या रात्री एकत्र मिसळल्या आहेत, म्हणून ती कोणत्याच रात्रीला लागू पडत नाही. निरभ्र आणि निवांत रात्री जमीन आकाशाकडे उष्णता फेकत राहते. तिच्यालगतची हवा गार होऊन जड होते आणि उतारावरून पाण्यासारखी वाहत सखल जागी साचते. तेव्हा वर जावे तसे तापमान वाढत जाते, ज्याला इन्व्हर्जन म्हणतात. ढग असले तर ते उष्णता परत खाली पाठवतात, आणि वारा असला तर तो वरची उबदार हवा खाली आणून मिसळतो. अशा रात्री काठ आणि माळ यांत फरक उरत नाही. म्हणून वहीतल्या नोंदींचे दोन गट करा, निरभ्र-निवांत रात्रींचा एक आणि बाकीच्यांचा दुसरा, आणि प्रत्येक गटाचा फरक वेगळा काढा. युरोपीय मॉडेलचा चौकोन सुमारे ९ किलोमीटरचा असतो, जीएफएसचा त्याहून मोठा. चौकोनात माळ, गाव, नदी सगळे एकजीव झालेले असते. त्यामुळे आपला काठ कोणत्याच मॉडेलमध्ये नाही, तो फक्त आपल्या वहीत आहे.

आता नेमक्या रात्रीविषयी. पश्चिमी चक्रावात, म्हणजे हिवाळ्यात पश्चिमेकडून येणारी पाऊस-बर्फाची प्रणाली, उत्तर भारतावरून पुढे सरकला, की त्याच्या मागून उत्तरेचे कोरडे वारे राजस्थान, गुजरात, मध्य प्रदेशमार्गे खाली येतात. ज्या रात्री ही हवा येते त्या रात्री वारा वाहता असतो, म्हणून सखल जागेत ती रात्र सर्वांत थंड नसते. वारा पडला, हवेचा दाब वाढला आणि आकाश स्वच्छ राहिले, की दुसऱ्या किंवा तिसऱ्या रात्री काठ खरा गारठतो. आपले अंदाज शनिवारच्या पहाटेचे आहेत. त्याऐवजी रविवारची पहाट बारकाईने पाहावी, विशेषतः रात्री वाऱ्याचा वेग ताशी पाच किलोमीटरच्या खाली येतो का, ते.

संध्याकाळची सर्वांत उपयोगी खूण म्हणजे दवबिंदू, अर्थात ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचे दव होऊ लागते ते तापमान. पारा उतरत दवबिंदूपाशी पोहोचला, की दव पडू लागते, त्यातून उष्णता सुटते आणि उतरण्याचा वेग मंदावतो. म्हणून संध्याकाळी सहाला दवबिंदू ११ अंश असेल, तर पहाटेचा आकडा त्याच्या फार खाली जाणे कठीण. तोच ३ अंश असेल, तर पाऱ्याला खाली जायला मोकळी वाट असते. उत्तरेची हवा कोरडी असते, म्हणूनच ती धोक्याची. नदी आणि ओल्या शेतांमुळे आपल्याकडे दवबिंदू आसपासच्या माळरानापेक्षा थोडा जास्त असेल, आणि तो आपल्या बाजूने काम करेल. एक सावधगिरी मात्र बाळगावी: मध्यरात्रीनंतर पश्चिमेकडून पिसासारखे उंच ढग आले, तर सगळे गणित बदलते, म्हणून झोपण्यापूर्वी उपग्रहाचे चित्र एकदा पाहावे.

मॉडेलांच्या समूह अंदाजांकडेही पाहा. सुरुवातीच्या स्थितीत किंचित बदल करून युरोपीय केंद्र तोच अंदाज पन्नास वेळा चालवते. त्या पन्नासांतले बहुतेक आकडे एकमेकांजवळ असतील, तर विश्वास ठेवावा. पसरलेले असतील, तर मंगळवारी शनिवारचा निर्णय घेऊ नये. तीन अंशांचा हा तिढा गुरुवारपर्यंत बराचसा सुटेल, असे मला वाटते.

प्रतिसाद ३

दिंडोरीकडची बागायतदार आहे. वरचे सगळे पटले, फक्त पाणी आणि शेकोटीविषयी लिहिते. विहिरीचे पाणी उबदार असते, म्हणून पुष्कळजण कडाक्याच्या रात्री ठिबक चालू ठेवतात. पण दादा, आपल्या मण्यांत पाणी उतरत आहे, आणि या वेळी एकदम जास्त पाणी दिले तर तडकण्याचा धोका उलट वाढतो. त्यापेक्षा आदल्या दोन दिवसांत, दिवसा, नेहमीच्या मापानेच पाणी देऊन बोद (वेलींच्या ओळीतला मातीचा उंचवटा) एकसारखा ओला ठेवावा. ओली, दाबलेली जमीन दिवसभर ऊन साठवते आणि रात्री हळूहळू सोडते. नुकतीच भुसभुशीत केलेली किंवा गवताने झाकलेली जमीन तसे करत नाही. म्हणून या आठवड्यात मशागत करू नये.

शेकोट्या कराव्यात त्या लहान आणि पुष्कळ. एकच मोठा जाळ केला, तर त्याची ऊब सरळ वर निघून जाते आणि बाजूची थंड हवा ओढली जाते. धुराचे पांघरूण बागेला ऊब देते, असे आपल्याकडे म्हणतात, परंतु धुराचे कण जमिनीची उष्णता अडवण्याइतके मोठे नसतात. उपयोग होतो तो आगीच्या उष्णतेचा. त्यामुळे ओला पाला जाळून धूर करण्यात श्रम घालवू नयेत.

मूळ प्रश्नकर्ता, गुरुवार रात्र

सर्वांचे मनापासून आभार. बर्फाची चाचणी केली, तापमापक ०.४ अंश जास्त दाखवत होता. ताटल्यांची पेटीही बसवली. काल रात्री वही घेऊन बसलो आणि ज्या रात्रींपुढे मी निरभ्र आणि वारा नाही असे लिहून ठेवले होते, त्या वेगळ्या काढल्या. अशा रात्री काठचा प्लॉट युरोपीय अंदाजापेक्षा साडेतीन ते साडेचार अंशांनी थंड निघाला. बाकीच्या रात्रींचा फरक अर्धा अंश. दोन वर्षे मी या दोन गोष्टींची सरासरी काढत बसलो होतो, हे पाहून वाईट वाटले आणि बरेही वाटले.

आज युरोपीय मॉडेल शनिवारच्या पहाटेसाठी ८ आणि रविवारसाठीही ८ अंश दाखवत आहे. जीएफएस ६ वरून ७ वर आले आहे. शुक्रवारी रात्रभर ईशान्येचा वारा आहे, शनिवारी रात्री तो जवळजवळ थांबतो. त्यामुळे माझा अंदाज असा आहे: शनिवारच्या पहाटे काठी साडेसात अंश आणि रविवारच्या पहाटे चार अंश. शेकोट्यांची माणसे शनिवारच्या रात्रीसाठी ठरवली आहेत. यात काही चुकत असेल, तर कृपया उद्या दुपारपर्यंत सांगावे.

प्रतिसाद २ चे लेखक

मांडणी बरोबर वाटते. शनिवारी संध्याकाळी सहाचा दवबिंदू पाहून मगच चार हा आकडा कायम करावा. तो ५ अंशांच्या वर असेल, तर पारा चारपर्यंत उतरण्याची शक्यता कमी होईल.

मूळ प्रश्नकर्ता, रविवार सकाळ

शनिवारच्या पहाटे काठी ७.२ आणि माळावर ७.६ अंशांची नोंद झाली. वारा रात्रभर होता. काल संध्याकाळी सहाला दवबिंदू ४ अंश होता, आणि आठच्या सुमारास वारा पडला. त्यानंतर पारा जवळजवळ तासाला एक अंशाने उतरत गेला. एकला ६.१ झाला, तेव्हा शेकोट्या पेटवल्या. तीनच्या पुढे पानांवर दव दिसू लागले आणि उतरणे मंद झाले. शेकोट्यांपासून दूर, बांधापलीकडच्या मोकळ्या तुकड्यात दुसरा तापमापक ठेवला होता. त्यात सूर्योदयाच्या वेळी ३.९ होते. बागेच्या आत ५.३, माळावर ६.८. आताच ओळींतून फिरून आलो. आज तरी कुठे मणी तडकलेले दिसले नाहीत, दुपारच्या उन्हानंतर पुन्हा पाहीन.

आता मंगळवारी पहाटेसाठी दोन्ही मॉडेले ९ अंश दाखवत आहेत, परंतु पश्चिमेकडून उंच ढगांचा पट्टा येताना दिसत आहे. तो मध्यरात्रीच्या आधी पोहोचेल की नंतर, याकडे ज्यांचे लक्ष आहे त्यांनी येथे लिहावे; सोमवारी संध्याकाळी चारपर्यंत मला माणसांना निरोप द्यायचा आहे.