ग्राफिक्स कार्ड ८७ च्या खाली येईना, ट्रेनिंग अर्धवट राहायलंय – मदत हवी आहे, अर्जंट

पूर्णाकाठ
नमस्कार. कपाशीच्या पानांच्या फोटोंवर एआय मॉडेल ट्रेन करायलोय. सुरुवातीचे एक-दोन इपॉक (सगळ्या फोटोंवरून एकेक फेरी) झटक्यात होतात, मग कार्ड ८७ अंशांवर जाऊन तिथंच बसतं आणि पुढच्या प्रत्येक इपॉकला जवळपास दुप्पट वेळ. काल रात्री तर लॅपटॉप आपोआप बंद झाला. सोमवारी गाईडला निकाल दाखवायचेत. कोणता कूलर घेऊ तेवढं सांगा.

बालाघाटी
लॅपटॉप कोणता, कार्ड कोणतं, विंडोज की लिनक्स? खोलीत किती तापमान असतं? बंद झाला तेव्हा लाईट होती का? हे कळल्याशिवाय काय सांगणार?

लातूरवाला
कूलर घ्यायचा तर लोखंडी बॉडीचाच घ्या. गवत दरसाल बदला आणि खिडकीत बाहेरून बसवा, आत ठेवला तर खोली नुसती दमट होते. आमचा जुना कूलर अजून चालू आहे.

ओव्हरक्लॉक
तो लॅपटॉपचा कूलर विचारतोय हो. पण कूलिंग पॅड-बिड सोडा. चिप आणि हीटसिंकच्या मध्ये पेस्टऐवजी लिक्विड मेटल लावा, दहा अंश उतरलेच म्हणून समजा.

जुना_सोल्डर
लिक्विड मेटल नवख्या माणसाला सांगू नका. त्यातून वीज वाहते, थेंब बोर्डावर ओघळला की बोर्ड संपला. हीटसिंकला कुठं अ‍ॅल्युमिनियम असेल तर गॅलियम ते खातं. माझ्याकडं दुरुस्तीला असे बोर्ड येतात, मालकाचं तोंड बघवत नाही.

ओव्हरक्लॉक
नीट लावलं तर काही होत नाही. मी स्वतः वापरतोय.

जुना_सोल्डर
तुम्ही लावा. याचा सोमवार आहे. साधी पेस्ट तापून-थंडावून चिपच्या कडेला सरकत जाते, त्यापेक्षा पीटीएम ७९५० ची शीट घ्या, पेस्टच्या जागी तीच लावायची, ती टिकते. त्याआधी पंख्यापुढच्या जाळीतली धूळ काढा. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं काडीनं धरून ठेवा, मोकळं फिरू देऊ नका.

पूर्णाकाठ
परभणीत आहे, वर पत्रे आहेत, दुपारी बाहेर ४३. आरटीएक्स ३०६०, ६ जीबी, विंडोज ११. लॅपटॉप तीन वर्षं जुना, अजून उघडलेला नाही. लाईट होती. गूगलचं फुकटचं ऑनलाइन कोलॅब सांगू नका, एवढे फोटो चढवायला इथलं नेट पुरत नाही.

निवांत_६०
इकडं व्होल्टेज पडतं, स्टॅबिलायझर लावा. तेच कारण असणार.

बालाघाटी
चार्जरवर वाचा, १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असतं. शिवाय आत बॅटरी आहे, व्होल्टेज पडलं म्हणून लॅपटॉप फटकन बंद होत नाही.

पूर्णाकाठ, दोन त्रास वेगळे धरा. ८७ वर कार्ड अडकतं कारण ती त्याची ठरलेली मर्यादा आहे, तिथं पोचलं की ड्रायव्हरच वेग उतरवतो. ट्रेनिंग चालू असताना कमांड प्रॉम्प्टमध्ये एनव्हिडिया-एसएमआयला (ड्रायव्हरसोबत येणारं कार्डाचं टूल) परफॉर्मन्सची माहिती विचारा, थर्मल स्लोडाउनपुढं 'अ‍ॅक्टिव्ह' दिसेल. त्यामुळं लॅपटॉप बंद पडत नाही. बंद पाडणारा बहुतेक प्रोसेसर आहे. अशा बहुतेक लॅपटॉपमध्ये दोघांचे हीटपाइप (उष्णता वाहून नेणाऱ्या नळ्या) सामाईक असतात, एकाची उष्णता दुसऱ्याला भोगावी लागते.

प्रोसेसर कशानं तापतोय? फोटो मोबाईलचे पूर्ण आकाराचे असतील आणि प्रत्येक इपॉकला तो ते सगळे उलगडून लहान करत असेल. एकदाच सगळे २५६ पिक्सेलचे करून वेगळ्या फोल्डरात ठेवा. मग पॉवर प्लॅनमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा ९९ टक्के करा, टर्बो, म्हणजे प्रोसेसरचा जादा वेग, बंद होतो.

कार्डाचं घड्याळ, म्हणजे चिपचा वेग, अ‍ॅडमिन म्हणून एनव्हिडिया-एसएमआयची एलजीसी कमांड देऊन कमाल १४०० मेगाहर्ट्झवर बांधा. वॉटची मर्यादा लॅपटॉपवर बहुधा बदलू देत नाहीत, घड्याळ मात्र बांधता येतं. वेग उतरला की व्होल्टेजही उतरतं, आणि विजेचा खप व्होल्टेजच्या वर्गानं घटतो. म्हणून वेग थोडाच जातो, उष्णता बरीच जाते. आणि प्रत्येक इपॉकनंतर चेकपॉइंट (तोवर शिकलेलं मॉडेल) साठवायलाच हवा, रात्रभराचं काम वाया जाऊ देऊ नका.

लातूरवाला
खोलीचा कूलर मी उगाच सांगितला नाही. खोली दहा अंशांनी उतरली तर लॅपटॉपही जवळपास तेवढाच उतरतो. मे महिन्यात आपली हवा कोरडी असते, तेव्हा कूलर लागू पडतो.

जुना_सोल्डर
बरोबर, पण थेट झोतात ठेवू नका. बोअरचं पाणी जड असतं, तुषार उडाले की जाळीवर पांढरा थर धरतो. पावसाळ्यात त्याचा उपयोगही नाही.

पूर्णाकाठ
फोटो लहान केले, टर्बो बंद, १४०० वर बांधलं. कार्ड आता ७६–७८ वर आहे आणि सगळे इपॉक सारख्याच वेळात व्हायलेत. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये कालच्या वेळेला 'कर्नल-पॉवर ४१' आहे. तो प्रोसेसरचाच पुरावा का?

बालाघाटी
नाही. त्यावरून फक्त मशीन नीट बंद न होता गेलं एवढंच कळतं. एचडब्ल्यूइन्फो हे तापमान मोजणारं सॉफ्टवेअर चालू ठेवून तापमानाची फाईल लिहू द्या. परत बंद पडला तर शेवटची ओळ बघा.

ओव्हरक्लॉक
१४०० म्हणजे कार्ड वाया घालवणं आहे. आफ्टरबर्नर सॉफ्टवेअरमध्ये व्होल्टेज-वेगाचा कर्व्ह सपाट करा, कमी व्होल्टेजवर १७०० पण मिळेल.

बालाघाटी
मिळेल, पण प्रत्येक चिप वेगळी. अस्थिर झालं तर मध्यरात्री ड्रायव्हर कोसळेल. ते सोमवारनंतर करू द्या.

शिवारफेरी
मध्येच विचारतो. हे मॉडेल गुलाबी बोंडअळी ओळखेल का? आमच्या गावात दरसाल तोच घोर आहे.

पूर्णाकाठ
पानावरून नाही ओळखता येणार, अळी बोंडात असते. माझ्याकडं लाल्या आणि दहिया या पानांवरच्या रोगांचेच फोटो आहेत. बोंडअळीसाठी डोमकळ्यांचे (आत अळी असलेल्या, न उमलणाऱ्या फुलांचे) फोटो लागतील, तेही पाकळ्या मिटलेल्या असतानाचे, जवळून घेतलेले. कपाशी फुलावर आली की तुमच्या शिवारातले पाठवाल का? आत्ता एचडब्ल्यूइन्फो चालू करून ट्रेनिंग लावलंय. नांदेड-परभणीकडं पीटीएमची शीट कुठं मिळते, कोणाला माहीत आहे का?