लूटला (मॉडचा लोड होण्याचा क्रम लावणारं सॉफ्टवेअर) रूल पाठवायचा की आपल्या मशीनपुरता ठेवायचा?

राजारामपुरी_मॉडर: स्कायरिम गेमला दीडशे मॉड (गेममध्ये बदल करणाऱ्या, लोकांनी बनवलेल्या फाइली) लावलेत. परवा लाइटिंगचा मोठा मॉड टाकला तरी एका सरायीत जुनाच उजेड. तासभर गेला, मग मॉडच्या आतलं दाखवणारं एसएसईएडिट उघडलं तर गावं बदलणारा दुसरा मॉड नंतर लोड होतोय, त्यानं त्याच खोलीच्या रेकॉर्डला (गेमच्या डेटातल्या नोंदीला) हात लावलाय आणि शेवटी येणाऱ्याचंच चालतं. लूटमध्ये आपल्यापुरता 'आफ्टर'चा (लाइटिंगचा मॉड गावाच्या मॉडनंतर लोड कर असा) रूल घातला, दोन मिनिटात काम झालं. पण हेच दोन मॉड आपल्या कोल्हापूरच्या ग्रुपात अजून चौघांकडं हायत, त्यांनी पण तास घालवायचा का? माझं मत स्पष्ट हाय, असला रूल यूजरलिस्टमध्ये (आपल्यापुरत्या यादीत) ठेवून बसू नये, गिटहबवर मास्टरलिस्टला (सगळ्यांच्या सामायिक यादीला) पाठवावा. आपण फुकट वापरतो ती यादी अशाच लोकांनी भरलीय.

कळंबा_रात्रपाळी: भावा, तळमळ पटली, रूल पटला नाही. लूट आधी मास्टर (मॉड ज्या फाइलींवर टेकलेला असतो त्या) बघतं, मग दोन मॉडचे बदल एकमेकांवर पडत असले तर ज्याचे बदल जास्त त्याला आधी लावतं, म्हणजे लहान मॉडचं थोडकं काम पुसलं जात नाही. तुझा लाइटिंगचा मॉड आधी गेला तो म्हणूनच. आता तू उलटं केलंस, पण खोलीच्या त्या एकाच रेकॉर्डमध्ये उजेडासोबत संगीत असतं, मालकी असते, गावाच्या मॉडनं त्यातलं काही बदललं असलं तर ते गेलं की. तुझ्या मशीनवर तुला चालतंय, सगळ्यांवर का लादायचं? आणि असे रूल वाढत गेले की अ नंतर ब, ब नंतर क, क नंतर परत अ असं चक्र होतं आणि लूट सॉर्टच करत नाही, एरर देतं.

राजारामपुरी_मॉडर: लादणं कुठं आलं? 'आफ्टर' दोन्ही मॉड असतील तरच लागू होतो, एकच असला तर काही फरक नाही. मी 'रिक्वायर' (म्हणजे दुसरा मॉड असलाच पाहिजे) लिहीत नाहीये. आणि चक्र होईल म्हणून कुणीच काही पाठवायचं नाही म्हटलं तर नवीन पोरानं करायचं काय? पाठवलेलं तिथली माणसं तपासून घेतात, चुकलं तर सांगतात.

रंकाळा_संध्याकाळ: तपासणारी पण फावल्या वेळातलीच हायत रे, दोन्ही मॉड उतरवून बघायचं त्यांनीच का? पाठवतोस तर एसएसईएडिटमधला त्या रेकॉर्डचा स्क्रीनशॉट लाव, कुठला रकाना कुणी बदललाय ते लिही. आणि यामलमध्ये (रूल ज्या फाइलीत लिहितात ती) टॅब मारू नकोस, स्पेसच लागतात, माझी पहिली फाइल त्यापायीच वाचली गेली नव्हती.

कळंबा_रात्रपाळी: हे बरोबर. तरी मी म्हणेन क्रम बदलण्यापेक्षा पॅच (दोन्हीतलं जोडणारा छोटा मॉड) कर, उजेड एका मॉडचा, मालकी दुसऱ्याची, दोन्ही राहतंय. मास्टरलिस्टमध्ये मेसेज पण टाकता येतो, दोन्ही मॉड दिसले तर पॅच घ्या म्हणून.

राजारामपुरी_मॉडर: आत्ता परत उघडून बघितलं. मालकीचा रकाना खरंच बदललाय गावाच्या मॉडनं, माझ्या रूलनं तो बदल जात होता, मला दिसलाच नव्हता. रूल मागं घेतो. पॅच आज रात्री करतो आणि मेसेजच पाठवतो, पण पाठवणार हे नक्की.