'स्लिपस्ट्रीम'ला मराठीत काय म्हणाल?

आमच्या लॅबसाठी विंडोजच्या इन्स्टॉल पेनड्राइव्हमध्ये सगळे सिक्युरिटी अपडेट आधीच घालून कसे ठेवायचे, याची मराठीत चिठ्ठी लिहितोय आणि दोन शब्दांवर अडलोय, इमेज (अख्खी विंडोज भरलेली इन्स्टॉलची फाइल) आणि स्लिपस्ट्रीम (तिच्यात अपडेट आधीच घालून ठेवणं). 'प्रतिमा' लिहिलं की मुलांना फोटोच वाटतो.

— प्रतिमा नकोच, 'साचा' लिहा. पेणला एकाच साच्यातनं शेकडो गणपती निघतात ना तसंच हे, एक इन्स्टॉल-विम फाइल, म्हणजे हीच इमेज, तयार केली की लॅबमधल्या सगळ्या मशीनवर तीच उतरणार, आणि साच्यात खोट राहिली तर सगळीकडे तीच खोट.

— स्लिपस्ट्रीम म्हणजे मुळात विमानाच्या पंख्यामागे सुटणारा हवेचा झोत. सायकलवाले पुढच्याच्या मागे चिकटून चालवतात, दम कमी लागतो, तेही हेच. आमच्या कानावर हा शब्द विंडोज एक्सपीमुळे आला, २००४ ला सर्व्हिस पॅक २ (अपडेटचा मोठा गठ्ठा) आला तेव्हा कमांडला इंटिग्रेट स्विच देऊन तो सीडीच्या फाइलींमध्येच भरायचा आणि नवी सीडी राइट करायची. आदल्याच वर्षी ब्लास्टर वर्म (नेटवरून आपोआप पसरणारा व्हायरससारखा प्रोग्राम) आलेला, कोरी एक्सपी टाकून नेट जोडलं की अपडेट उतरायच्या आत मशीन बाधित, त्यामुळे हा नुसता हौसेचा उद्योग नव्हता.

— मग 'ठिगळ लावणे'?

— नाही हो, ठिगळ कापड फाटल्यावर लावतात, हे कापड विणतानाच धागा घालणं आहे. मला 'मुरवणे' आवडतं.

— मुरवणे छान, पण सरसकट नको. डिझमने (इमेज हाताळायचं विंडोजचं टूल) साचा माउंट केला, म्हणजे बदल करायला उघडला, ॲड-पॅकेज कमांडने अपडेट दिला, तो अजून काढता येतो, तेव्हा तो फक्त 'घातलेला'. नंतर डिझमच्याच क्लीनअपमध्ये, म्हणजे सफाईत, रीसेटबेस हा पर्याय दिला की जुन्या फाइली जातात आणि अपडेट परत काढता येत नाही, तो खरा मुरला. लोणच्यातलं मीठ जसं. हा फरक चिठ्ठीत ठेवाच, नाहीतर पोरं टेस्ट न करता मुरवून बसतील. आणि अनमाउंट करताना, म्हणजे साचा बंद करताना, कमिट (बदल जतन करा) द्यायला सांगा, डिसकार्ड (बदल टाकून द्या) दिलं तर सगळी मेहनत पाण्यात.

— पटलं! 'साचा उघडा, अपडेट घाला, तपासा, मग मुरवा, कमिट करून बंद करा' असं लिहितो. मायक्रोसॉफ्टचे अपडेट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात, म्हणजे साचा महिन्यात शिळा होणार, तेव्हा फाइलच्या नावातच तारीख टाकायला सांगतो.